बाळंतिणीचा सव्वा महिना

बाळंतिणीचा सव्वा महिना म्हणजे प्रसूतीनंतरचा सुमारे चाळीस दिवसांचा काळ होय. या काळात बाळंतीण व नवजात बाळ यांना घरकामापासून व बाहेरच्या वर्दळीपासून दूर ठेवून विशेष आहार, तेलमालीश, शेक आणि विश्रांती देण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. आधुनिक वैद्यकशास्त्रात या काळाला सूतिकावस्था म्हणतात व तो सहा आठवड्यांचा, म्हणजे ४२ दिवसांचा मानला जातो. परंपरेने ठरवलेली मुदत आणि वैद्यकाने ठरवलेली मुदत जवळजवळ एकच आहे. मात्र त्या मुदतीत काय करावे, याविषयी दोन्हींत काही ठिकाणी एकवाक्यता आहे, तर काही ठिकाणी तीव्र मतभेद आहेत. प्रस्तुत लेखात या काळातील शारीरिक बदल, वऱ्हाडातील, विशेषतः अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर परिसरातील रीतीभाती, शरीर पूर्ववत करण्याचे उपाय आणि उपलब्ध आरोग्यसेवा यांचा परिचय दिला आहे.

संज्ञा आणि पूर्वपीठिका

प्रसूत झालेल्या स्त्रीला मराठीत बाळंतीण व संस्कृतात सूतिका म्हणतात. वऱ्हाडी बोलीत 'ळ'चा 'य' आणि 'ण'चा 'न' होत असल्याने 'बाळंतीण' ही 'बायंतीन' होते. चरकसंहिता, सुश्रुतसंहिता व काश्यपसंहिता या ग्रंथांत सूतिकेच्या परिचर्येचे स्वतंत्र विवेचन आहे. स्नेहपान, पोटाला वस्त्र गुंडाळणे, उष्णोदकाने स्नान आणि हळूहळू वाढवत नेलेला आहार हे त्यातील मुख्य विधी होत. आज घराघरांत पाळल्या जाणाऱ्या अनेक गोष्टींचे मूळ येथे सापडते.

चाळीस दिवसांची ही कल्पना केवळ भारतीय नाही. मुस्लिम कुटुंबांत चाळीस दिवसांचा 'चिल्ला' पाळला जातो. चीनमध्ये बाळंतिणीला महिनाभर घराबाहेर पडू न देण्याची रीत आहे. लॅटिन अमेरिकेत या काळाचे नावच चाळीस या संख्येवरून पडले आहे, तर कोरियात बाळंतिणीला समुद्रशेवाळाचे सूप दिले जाते. इतक्या वेगवेगळ्या समाजांनी स्वतंत्रपणे साधारण एकच मुदत ठरवावी, यामागे दीर्घ निरीक्षण असावे, हे सहज पटण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकापर्यंत जगभर बाळंतिणींच्या मृत्यूचे एक मोठे कारण सूतिकाज्वर हे होते. १८४७ मध्ये व्हिएन्ना येथील इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी प्रसूतीपूर्वी हात जंतुनाशक द्रावणाने धुतल्यास हा ज्वर टळतो, असे दाखवून दिले. महाराष्ट्राच्या संदर्भात आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण महत्त्वाचे आहे. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना झालेला मुलगा दहा दिवसांतच दगावला. पुढे १८८६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा.

शरीरातील बदल

प्रसूतीनंतर लगेच गर्भाशयाचे वजन सुमारे एक किलोग्रॅम असते व त्याचा वरचा भाग बेंबीच्या आसपास हाताला लागतो. साधारण दोन आठवड्यांत ते आकसून कटिभागात उतरते आणि सहा आठवड्यांच्या अखेरीस त्याचे वजन पन्नास ते सत्तर ग्रॅमपर्यंत खाली येते. बाळाला अंगावर पाजताना मातेच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते, त्यामुळे गर्भाशय आकुंचन पावते. पाजताना पोटात येणाऱ्या कळा याच कारणाने येतात. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणात त्या अधिक जाणवतात.

योनिमार्गातून होणारा स्राव पहिले तीन-चार दिवस लाल, त्यानंतर गुलाबी-तपकिरी व पुढे पिवळसर-पांढरा होत जातो आणि चार ते सहा आठवड्यांत थांबतो. कमी झालेला लाल स्राव पुन्हा वाढला, तर बहुधा बाळंतिणीने झेपण्यापलीकडे काम केलेले असते. विश्रांती घेऊनही तो वाढतच राहिला, तर डॉक्टरांना दाखवणे आवश्यक ठरते.

बाळ, वार व गर्भजल बाहेर पडल्याने प्रसूतीच्या वेळीच पाच ते सहा किलो वजन कमी होते. शरीरात साठलेले पाणी घाम व लघवीवाटे गेल्याने पुढच्या काही दिवसांत आणखी दोन-तीन किलो घटतात. उरलेले वजन मेदाच्या रूपातील असते. ते गर्भावस्थेत शरीराने दूध तयार करण्यासाठी राखून ठेवलेले असते आणि उतरायला अनेक महिने लागतात. पोटाच्या मध्यरेषेवरील स्नायू दोन्ही बाजूंना सरकलेले असतात. कटितळाचे स्नायू, म्हणजे गर्भाशय, मूत्राशय व गुदाशय यांना खालून आधार देणारी स्नायूंची झोळी, ताणली गेलेली असते. सांध्यांचे बंध गर्भावस्थेतील संप्रेरकांमुळे सैल झालेले असतात व काही महिने तसेच राहतात. शरीर पूर्ववत करण्याचे सर्व उपाय या तीन गोष्टी ध्यानात ठेवूनच आखावे लागतात.

वऱ्हाडातील रीत

मूर्तिजापूर हे मुंबई–नागपूर–हावडा लोहमार्गावरील अकोला व बडनेरा यांच्या मधले जंक्शन असून अचलपूर व यवतमाळकडे जाणाऱ्या 'शकुंतला' या अरुंद मार्गावरील रेल्वेमुळे ते विशेष प्रसिद्ध झाले. तालुक्याचा मोठा भाग पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचा आहे. कापूस, तूर, सोयाबीन व हरभरा ही येथील मुख्य पिके. बाळंतपणाच्या रीतींवर या शेतीचा व येथल्या उन्हाळ्याचा स्पष्ट ठसा दिसतो.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची पद्धत येथे अजूनही रूढ आहे. सातव्या महिन्यानंतर लेकीला माहेरी आणतात आणि सव्वा महिना, काही घरांत तीन महिने, ती तेथेच राहते. पूर्वी प्रसूती गावातील सुईण करीत असे. आता ती दवाखान्यात होत असली, तरी त्यानंतरचे मालीश, बाळाची आंघोळ आणि शेक यांसाठी जाणत्या बाईला बोलावले जाते. सकाळी बाळंतिणीला तिळाच्या तेलाने चोळून ऊन पाण्याने न्हाऊ घालतात. पोटाला सुती लुगड्याचा पट्टा बांधतात. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक देतात, ओवा व वेखंडाची धुरी देतात. कानाला वारा लागू नये म्हणून डोक्याला रुमाल बांधतात.

पाचव्या दिवशी सटवाईचे पूजन होते. त्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, अशी समजूत असल्याने पूजेजवळ कोरा कागद व लेखणी ठेवतात. बाराव्या दिवशी किंवा सोयीने पुढे बारसे होते. बारशाचा उल्लेख निघाला की मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरी या गावाची एक हकीकत आवर्जून सांगितली जाते. संत गाडगे महाराज, म्हणजे डेबूजी, यांचे बालपण दापुरी येथे मामाच्या घरी गेले. आपल्या मुलीच्या बारशाला त्यांनी रिवाजाप्रमाणे दारू व मटणाची पंगत न देता गोड जेवण वाढले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या काळी जातीच्या पंगतीसाठी कर्ज काढणे सर्रास चाले. बाळंतिणीच्या तोंडी जायचे तूप व दूध पाहुण्यांच्या पंगतीत संपत असेल, तर त्या कृतीचा अर्थ केवळ दारूबंदीपुरता राहत नाही.

या रीतींची पारख एकेक करून करावी लागते. मालिशने स्नायूंचा ताण कमी होतो, झोप चांगली लागते आणि दिवसातून एकदा तरी कोणी आपली काळजी घेते ही भावना मनाला आधार देते. त्यात अपाय नाही. मात्र शस्त्रक्रियेच्या टाक्यांवर व पोटावर सुरुवातीचे आठवडे जोर देऊ नये. शेकाची गोष्ट वेगळी आहे. बंद खोलीत कोळसा जळत राहिला तर कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू साठतो, आणि धुराने बाळाच्या श्वसनमार्गाला त्रास होतो. अकोल्याचे तापमान उन्हाळ्यात अनेकदा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. वैशाखात जन्मलेल्या बाळाला दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत कुंची घालून ठेवणे म्हणजे त्याच्या शरीरातील पाणी कमी करणे होय. 'बाळंतिणीने पाणी कमी प्यावे' ही समजूत तर सर्वांत हानिकारक आहे. दूध तयार होण्यासाठी पाणी लागते, आणि पाणी कमी पडल्यास बद्धकोष्ठता व मूत्रमार्गाचा दाह होतो.

बाळाला घुटी देणे, डोळ्यांत काजळ घालणे, नाळेवर हळद किंवा राख लावणे या प्रथांना वैद्यक संमती देत नाही. घुटीच्या सहाणेतून जंतुसंसर्ग होतो, काजळात शिसे असू शकते, आणि नाळ कोरडी व स्वच्छ ठेवणे एवढेच पुरेसे असते. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात बाळाचे पोट फुगले असता त्यावर तापवलेल्या लोखंडाने चटके देण्याची 'डंबा' नावाची प्रथा आहे. ती अत्यंत घातक असून तिच्याविरुद्ध आरोग्य यंत्रणेला आजही प्रबोधन करावे लागते.

आहार

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार अंगावर पाजणाऱ्या मातेला पहिले सहा महिने रोज सुमारे ६०० किलोकॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिने नेहमीपेक्षा अधिक लागतात. पुढील सहा महिन्यांत ही गरज किंचित कमी होते. वजन घटवण्यासाठी या काळात उपाशी राहणे किंवा एक वेळ जेवणे योग्य नाही. शरीर साठवलेल्या मेदातून दूध तयार करतेच, परंतु लोह, कॅल्शियम व प्रथिने आहारातूनच यावी लागतात. ती आली नाहीत, तर शरीर ती मातेच्या हाडांतून व रक्तातून काढते.

वऱ्हाडात बाळंतिणीला ज्वारीची भाकर, तूप, मुगाचे वरण, शेपू व मेथीची भाजी, लसूण, खारीक-खोबरे, बाळंतशेपा आणि अळिवाची खीर देतात. डिंकाच्या लाडवात मेळघाटच्या जंगलातून येणारा धावड्याचा डिंक वापरला जातो, आणि बिब्ब्याच्या बीतील गर, म्हणजे गोडंबी, हा विदर्भातील लाडवांचा खास घटक आहे. अळीव व खारीक यांत लोह आहे, मेथीत तंतू आहेत, डाळीत प्रथिने आहेत. परंपरेने निवडलेले बहुतेक पदार्थ योग्यच आहेत. अडचण प्रमाणाची आणि वगळलेल्या पदार्थांची आहे. एका लाडवात तूप, गूळ व सुकामेवा मिळून बरीच ऊर्जा असते. दिवसाला तीन-चार लाडू आणि हालचाल शून्य, असा क्रम चालला की वजन वाढते. दुसरीकडे 'थंड' म्हणून फळे, दही व पालेभाज्या, आणि 'वातूळ' म्हणून हरभरा व तूर वर्ज्य केली जातात. त्यामुळे तुरीच्या पट्ट्यातच बाळंतिणीच्या ताटातून तुरीचे वरण नाहीसे होते. याला वैद्यकीय आधार नाही.

रक्तक्षय हा येथील सर्वांत गंभीर प्रश्न आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. प्रसूतीत झालेला रक्तस्राव त्यात भर घालतो. बाळंतीण सतत थकलेली असते, जिना चढताना तिला धाप लागते, तेव्हा घरचे 'बाळंतपणाचा अशक्तपणा' म्हणून सोडून देतात. प्रत्यक्षात रक्ताची एक साधी तपासणी पुरेशी असते. शासकीय कार्यक्रमात प्रसूतीनंतर १८० दिवस रोज एक लोह-फॉलिक ॲसिडची गोळी आणि सहा महिने कॅल्शियमच्या गोळ्या मोफत दिल्या जातात. लोहाची गोळी चहासोबत घेऊ नये, कारण चहातील घटक लोहाचे शोषण रोखतात. लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास ते वाढते. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांतही अंतर ठेवावे लागते.

बाळाचा दिनक्रम

नवजात बाळ दिवसातून चौदा ते सतरा तास झोपते, परंतु सलग नव्हे. ते चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध मागते. जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू करावे व पहिले घट्ट पिवळसर दूध, म्हणजे चीक, बाळाला अवश्य द्यावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पूर्वी हा चीक पिळून टाकून देत असत. पहिल्या आठवड्यात बाळाचे वजन थोडे उतरते व साधारण दोन आठवड्यांत भरून येते. ते उतरताना पाहून घाबरून वरचे दूध सुरू केले जाते. तेथून अंगावरचे दूध कमी होण्याचे चक्र सुरू होते, कारण दुधाची निर्मिती बाळाच्या मागणीवर अवलंबून असते. बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल व वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे असे समजावे. पहिले सहा महिने बाळाला पाणीसुद्धा देण्याची गरज नसते. वऱ्हाडच्या उन्हाळ्यातही नसते, ही बाब आजी-आजोबांना पटवणे कठीण जाते.

बाळाचे रडणे साधारण सहाव्या आठवड्यात सर्वाधिक असते व त्यानंतर कमी होते. सव्वा महिना संपून माहेरची मदत थांबते, तेव्हाच बाळ सर्वांत जास्त रडत असते. तुटक झोपेमुळे मातेची एकाग्रता, स्मरण आणि सहनशक्ती घटते. बाळ झोपले की आपणही झोपावे, हा सल्ला सर्वत्र दिला जातो. धुणी, भांडी आणि भेटीला येणारे पाहुणे दुसऱ्या कोणी सांभाळले तरच तो पाळता येतो.

हालचाल आणि व्यायाम

सव्वा महिना बाजेवर पडून राहणे ही रीत व आधुनिक वैद्यक यांच्यात येथे सर्वाधिक अंतर आहे. प्रसूतीनंतर रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढलेली असते आणि पूर्ण पडून राहिल्यास पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो. म्हणून सिझेरियननंतरही पहिल्या चोवीस तासांत बाळंतिणीला आधार देऊन उभे करतात व चार पावले चालवतात. विश्रांती म्हणजे जड कामापासून सुटका. तिचा अर्थ अंथरुणाला खिळणे असा नाही.

सामान्य प्रसूती झाली असल्यास पहिल्या दिवसापासून तीन गोष्टी करता येतात. पावले वर-खाली करून पोटऱ्यांची हालचाल करावी. पोट फुगवून श्वास घ्यावा व सोडताना पोट हळूच आत ओढावे. तिसरी गोष्ट म्हणजे कटितळाच्या स्नायूंचा व्यायाम. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये तो प्रसिद्ध केला व तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. लघवी व गुदद्वारातील वायू एकाच वेळी रोखून धरावा, तसे स्नायू आत व वर ओढायचे, तीन ते पाच सेकंद धरायचे, तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू धरण्याचा काळ दहा सेकंदांपर्यंत नेता येतो. श्वास रोखू नये, मांड्या व नितंब आवळू नयेत. प्रत्यक्ष लघवी करताना हा व्यायाम नेहमी करू नये, कारण त्याने मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. बाळाला पाजताना हा व्यायाम बसल्या जागी होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

या स्नायूंकडे दुर्लक्ष झाल्यास खोकताना वा शिंकताना लघवी सुटते, कंबर दुखत राहते आणि पुढे 'अंग बाहेर येणे' ही तक्रार उद्भवते. संकोचामुळे स्त्रिया ही दुखणी वर्षानुवर्षे अंगावर काढतात. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग आढळले. त्यांच्यापैकी फारच थोड्या स्त्रियांची त्यापूर्वी तपासणी झाली होती. या अभ्यासाने जगभरच्या आरोग्यधोरणांचे लक्ष बाळंतपणापलीकडच्या स्त्री-आरोग्याकडे वेधले.

पोटाच्या स्नायूंतील फट घरी तपासता येते. गुडघे वाकवून पाठीवर झोपावे, डोके किंचित उचलावे आणि बेंबीच्या वर-खाली मध्यरेषेवर बोटे ठेवावीत. दोन बोटांहून अधिक फट जाणवली किंवा मध्यभागी पोटाचा उंचवटा आला, तर उठाबशांसारखे पोटावर ताण देणारे व्यायाम टाळावेत. बहुतेक स्त्रियांत ही फट पहिल्या दोन महिन्यांत पुष्कळ भरून येते. राहिल्यास भौतिकोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. पोटाला बांधलेल्या पट्ट्याने आधार मिळतो, सिझेरियनच्या टाक्यांचे दुखणे कमी होते. मात्र पट्ट्याने चरबी वितळत नाही, आणि तो फार आवळल्यास दाब खाली कटितळावर पडतो. म्हणजे ज्या स्नायूंना विसावा हवा, त्यांच्यावरच भार येतो.

चालणे हा सर्वांत सोपा व्यायाम होय. पाच-दहा मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडे वाढवावे. वऱ्हाडात उन्हाळ्याच्या दिवसांत सूर्योदयापूर्वीची किंवा दिवेलागणीनंतरची वेळ सोयीची. महाराष्ट्रात २०१९–२१ मध्ये दर चार प्रसूतींमागे जवळपास एक (२५.४ टक्के) सिझेरियन होती. अशा बाळंतिणीने पहिले सहा आठवडे बाळाच्या वजनाहून जड काही उचलू नये, उठताना आधी कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे, आणि व्यायाम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांकडून जखम तपासून घ्यावी. सहा आठवड्यांच्या तपासणीनंतर पूल बांधल्यासारखे कंबर उचलणे, मार्जारासन, भिंतीला हात टेकून दंड अशी सौम्य बळवर्धक आसने व व्यायाम घालता येतात. धावणे, दोरीवरच्या उड्या व जड वजने तीन महिन्यांपूर्वी टाळणे बरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रसूत स्त्रीने हळूहळू वाढवत आठवड्याला एकूण १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल गाठावी. मध्यम व्यायामाने दूध आटत नाही व 'गढूळ'ही होत नाही. व्यायामापूर्वी बाळाला पाजून घेतल्यास अंगाला हलके वाटते, एवढेच.

आठवड्याला अर्धा किलोपर्यंत वजन कमी होणे सुरक्षित मानतात. नऊ महिन्यांत वाढलेले वजन नऊ महिन्यांहून लवकर उतरावे, ही अपेक्षा अलीकडे चित्रपट अभिनेत्रींच्या छायाचित्रांमुळे बळावली आहे. तिच्यामागे स्वयंपाकी, दाई व प्रशिक्षक असा ताफा असतो, हे छायाचित्रात दिसत नाही.

मजुरी करणाऱ्या माता

वर सांगितलेले सर्व काही ज्या घरात चार माणसे हाताशी आहेत, त्या घराला लागू पडते. मूर्तिजापूर परिसरात निंदण व कापूस वेचणी ही कामे प्रामुख्याने स्त्रिया करतात. वेचणीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो व मजुरी वेचलेल्या किलोवर मिळते. त्यामुळे ज्या दिवशी शेतात पाय पडला नाही, त्या दिवशी हाती काही येत नाही. अशा घरांतील बाळंतीण सव्वा महिना पुरता होण्याआधीच कामाला लागते. बाळ बांधावरच्या बाभळीला किंवा निंबाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत निजते आणि ओटीत वेचलेल्या कापसाचा भार पोटावर पडतो. पूर्णाकाठचा भाग खारपाणपट्ट्यात येत असल्याने अनेक गावांत विहिरीचे पाणी पिण्याजोगे नसते व दुरून आणावे लागते. प्रसूतीनंतर लवकर डोक्यावर हंडे वाहणे हे अंग बाहेर येण्याच्या प्रमुख कारणांपैकी एक मानले जाते. अशा स्त्रीला व्यायामाचा उपदेश करण्यापेक्षा तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवणे अधिक उपयोगी ठरते.

बाळंतपणाच्या रजेचा कायदा भारतात प्रथम मुंबई प्रांतात १९२९ मध्ये झाला. त्याच्या विधेयकाला १९२८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबई विधिमंडळात पाठिंबा दिला होता. तो कारखान्यातील स्त्रियांपुरता होता. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या मिळण्याची तरतूद मूळ कायद्यात होतीच. शेतमजूर स्त्री मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली. तिच्यासाठी २०१७ पासून प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याच्या वेळी पाच हजार रुपये, आणि नंतरच्या सुधारणेनुसार दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये देण्याची सोय आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कामावर पाच किंवा अधिक लहान मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करण्याची तरतूद होती. मेळघाटासह आदिवासी भागांत २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण जेवण दिले जाते.

मनःस्थिती

प्रसूतीनंतर तिसऱ्या ते दहाव्या दिवसांदरम्यान विनाकारण रडू येणे, चिडचिड, भीती वाटणे हे पुष्कळ स्त्रियांत आढळते व आपोआप ओसरते. ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली, भूक व झोप उडाली, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर तो प्रसूतिपश्चात नैराश्याचा आजार असू शकतो व त्यावर उपचार आहेत. भारतातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के आढळले. गोव्यात डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्यग्रस्त होत्या. गरिबी, पतीशी ताणलेले संबंध आणि मुलगा हवा असताना मुलगी होणे ही जोखमीची कारणे त्यात ठळकपणे दिसली. पेढे वाटायचे की जिलेबी, यावरून घरात पडणारा फरक बाळंतिणीच्या मनावर किती खोल परिणाम करतो, हे या निष्कर्षावरून कळते. प्राथमिक चाचपणीसाठी १९८७ मध्ये तयार झालेली दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली जगभर वापरली जाते. भारत सरकारची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.

आरोग्यसेवा

पाचव्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती आरोग्य संस्थांत होतात. २०१८–२० या काळात राज्याचे माता मृत्यू प्रमाण दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होते. मूर्तिजापूर येथे शासकीय उपजिल्हा रुग्णालय आहे. गुंतागुंतीच्या प्रसूती अकोल्याच्या जिल्हा स्त्री रुग्णालयात वा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवल्या जातात. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयातील प्रसूती, औषधे, तपासण्या, आहार व ने-आण विनामूल्य आहे.

घरी परतल्यावर आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी भेट देते, बाळाचे वजन व तापमान घेते आणि मातेची विचारपूस करते. प्रसूती घरी झाली असल्यास पहिल्या दिवसाची एक भेट वाढते. या गृहभेटींची पद्धत मूळची विदर्भातलीच आहे. बंग दांपत्याच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोलीतील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. भारत सरकारने २०११ मध्ये या धर्तीवर देशभर कार्यक्रम सुरू केला. त्याच गावांतील घरगुती बाळंतपणांच्या अभ्यासात सूतिकावस्थेत सुमारे ४३ टक्के स्त्रियांना काही ना काही आजार झाल्याचे दिसले. बाळासाठी आलेल्या कार्यकर्तीने आईकडेही पाहणे का गरजेचे आहे, ते या आकड्यातून उमगते.

सहा आठवड्यांच्या भेटीत बाळाची लस व मातेची तपासणी एकाच फेरीत होते. याच वेळी पाळणा लांबवण्याविषयी विचारून घ्यावे. दिवस-रात्र केवळ अंगावर पाजत असताना व पाळी सुरू झालेली नसताना पहिले सहा महिने गर्भधारणेची शक्यता कमी असते. यांपैकी एकही अट मोडली की ते संरक्षण संपते. दोन बाळंतपणांच्या मध्ये शरीराला पूर्ववत होण्यासाठी, बाळ किमान दोन वर्षांचे होईपर्यंत पुढील गर्भधारणा टाळावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

धोक्याची लक्षणे

तासाभरात एकाहून अधिक पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, मोठ्या गुठळ्या, दुर्गंधीयुक्त स्राव, थंडी वाजून ताप, तीव्र डोकेदुखी व डोळ्यांपुढे अंधारी, झटके, छातीत दुखणे वा धाप, एकाच पोटरीला सूज व वेदना, टाक्यांतून पू, स्तनात लालसर दुखरी गाठ यांपैकी काहीही आढळल्यास सव्वा महिना संपण्याची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठावे. रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका प्रसूतीनंतरही काही आठवडे राहतो. गरोदरपणी रक्तदाब वाढलेल्या स्त्रियांनी तो मोजत राहणे आवश्यक असते. बाळाच्या बाबतीत दूध न ओढणे, अंग थंडगार किंवा फार तापलेले असणे, श्वास जोरात चालणे, छाती आत ओढली जाणे, तळपायापर्यंत पिवळेपणा उतरणे आणि नाळेभोवती लाली ही लक्षणे तातडीची समजावीत. रुग्णवाहिकेसाठी १०८ व १०२ हे क्रमांक चोवीस तास मोफत चालतात.